आरएसएसएसएफ: भारताच्या सतरा वर्षांखालील फुटबॉल संघाचा हिशेब इथे कितपत जुळतो?

पांढरं पान, टाइपरायटरसारखी काळी अक्षरं, अधूनमधून निळ्या लिंका. फोटो नाही, व्हिडिओ नाही, जाहिरात नाही, लॉगिन नाही. आरएसएसएसएफ हे संकेतस्थळ जानेवारी १९९४ मध्ये सुरू झालं आणि दिसायला आजही जवळपास तसंच आहे. पूर्ण नाव रेक स्पोर्ट सॉकर स्टॅटिस्टिक्स फाउंडेशन. युजनेटच्या काळातल्या एका चर्चागटावरची आकडेवेडी मंडळी एकत्र आली आणि त्यांनी जगभरच्या फुटबॉलचे निकाल साठवायला घेतले, तेच हे. काम स्वयंसेवकांचं, आणि वापरणाऱ्याला खर्च शून्य.

इथे प्रश्न एकाच वापराचा आहे. भारताच्या सतरा वर्षांखालील संघाची कामगिरी वर्षानुवर्षं तपासायची असेल, म्हणजे जिल्ह्याच्या प्रशिक्षकाला, बातमी लिहिणाऱ्याला, क्विझ घेणाऱ्याला किंवा मराठी विकिपीडियावर तक्ता भरणाऱ्याला ती लागत असेल, तर ही सेवा पुरते का? निकाल काय लागला एवढंच हवं असेल तर पुरते, आणि चांगली पुरते. त्या निकालांवरून संघाबद्दल काही म्हणायचं असेल तर आपली वही सोबत ठेवावी लागते. ती कशी आखायची, हे पुढे येतंच.

आधी आत कसं शिरायचं ते बघू. मुखपृष्ठावर शोधपेटी हुडकत बसू नका. साधं सर्च इंजिन उघडा, ‘साइट’ हा शब्द रोमन लिपीत, त्यापुढे कोलन आणि आरएसएसएसएफचा पत्ता टाका, मग आशियाई सोळा-सतरा वर्षांखालील स्पर्धेचं इंग्रजी नाव लिहा. १९८५ पासूनच्या विजेत्यांची यादी असलेलं पान सापडतं आणि त्यातून एकेका वर्षाच्या पानावर जाता येतं. पानाच्या तळाशी ते कोणी तयार केलं आणि शेवटचं कधी सुधारलं ते लिहिलेलं असतं. ती तारीख आधी वाचा. स्पर्धा संपायच्या आधीची तारीख असेल तर पान अर्धवट आहे, दुसरीकडे बघा.

गुणतक्ता वाचायची सवय पाच मिनिटांत लागते. संघाच्या नावापुढे ओळीने सामने, विजय, बरोबरी, पराभव, गोल आणि गुण. रकान्यांना बहुतेक वेळा शीर्षक नसतं, क्रम लक्षात ठेवायचा. निकालाखाली चौकोनी कंसात गोल करणाऱ्याचं नाव आणि मिनिट. ‘एईटी’ म्हणजे जादा वेळेनंतर, ‘एबीडी’ म्हणजे सामना अर्धवट थांबला, ‘एडब्ल्यूडी’ म्हणजे निकाल मैदानावर न लागता समितीने दिला. कुमार गटाच्या पात्रता फेऱ्यांत हे शेवटचं अक्षरत्रय नजरेतून सुटू देऊ नका. एखादा खेळाडू अपात्र ठरला की ३-० असा स्कोअर दिसतो आणि तो कोणी खेळून मिळवलेला नसतो.

मोबाइलवर मात्र हाल आहेत. अक्षरांची रुंदी ठरलेली असल्यामुळे ओळ पडद्याबाहेर जाते किंवा मोडते, आणि गुणाचा आकडा खालच्या संघाच्या डोक्यावर जाऊन बसतो. फोन आडवा धरा. तरी मोडलीच तर ब्राउझरमध्ये डेस्कटॉप साइट निवडा.

आता खरी खोडी. हे निकाल उचलून एक्सेलमध्ये टाकले की स्कोअरची तारीख होते. २०२३ च्या आशियाई स्पर्धेत भारत जपानकडून ४-८ ने हरला. आपल्याकडच्या तारखेच्या सेटिंगमध्ये ते ४ ऑगस्ट होतं. २०१६ ची सौदी अरेबियाशी ३-३ बरोबरी म्हणजे ३ मार्च. गंमत अशी की १३-० किंवा ०-० याला हात लागत नाही, कारण शून्य नावाचा महिना नसतो. त्यामुळे अर्धे आकडे बरोबर आणि अर्धे बिघडलेले अशी शीट तयार होते, आणि बिघाड लगेच लक्षात येत नाही. नंतर सेलचं फॉरमॅट बदलून उपयोग नाही, मग पाच आकडी अनुक्रमांक दिसतो. पेस्ट करायच्या आधी पूर्ण रकाना निवडून त्याला टेक्स्ट फॉरमॅट द्या. गूगल शीट्समध्ये नंबर या मेन्यूत प्लेन टेक्स्ट आहे, आणि पेस्ट करताना फक्त मूल्यं पेस्ट करा. एका रकान्यात सगळी ओळ आली तर टेक्स्ट टू कॉलम्समध्ये फिक्स्ड विड्थ निवडून रेघा हाताने सरकवायच्या. त्याहून सोपं म्हणजे केलेले गोल आणि खाल्लेले गोल असे दोन वेगळे रकाने सुरुवातीपासून ठेवा. गोलफरक काढायला ते लागणारच आहेत.

एवढं यंत्राचं झालं. आकड्यांच्या अर्थाची अडचण याहून मोठी आहे, आणि तिचा दोष या संकेतस्थळावर टाकता येत नाही. ती कुमार फुटबॉलच्या स्वभावातच आहे.

सिनिअर संघाचा इतिहास सलग असतो. दहा-दहा वर्षं तेच चेहरे दिसतात. सतरा वर्षांखालच्या संघात दोन वर्षांनी जवळपास सगळी मुलं बदललेली असतात. कागदावर ‘भारत’ तोच, पण २०१६, २०१८ आणि २०२३ हे तीन वेगळे संघ आहेत. त्यांच्या निकालांची बेरीज करून विजयाची टक्केवारी काढणं म्हणजे शाळेच्या दहावीच्या तीन तुकड्यांचे गुण एका मुलाच्या नावावर लावणं. शिवाय वयाचं लेबल दर काही वर्षांनी बदलतं. आशियाई स्पर्धेचं नाव २०१८ मध्ये सोळा वर्षांखालील होतं, २०२३ मध्ये सतरा वर्षांखालील झालं. दक्षिण आशियाई सॅफ स्पर्धेचं तर विचारूच नका: २०१३ आणि २०१५ ला सोळा, २०१७ ते २०१९ पंधरा, २०२२ ला सतरा, २०२३ ला सोळा, २०२४ ला पुन्हा सतरा. आरएसएसएसएफ त्या-त्या वर्षाचं अधिकृत नाव लिहितं, जे बरोबरच आहे. पण तुम्ही फक्त सतरा वर्षांखालील असं शोधलंत तर निम्मा इतिहास हाती लागत नाही.

उपाय सोपा आहे. वहीत वयाऐवजी जन्मवर्षाचा रकाना आखा. मुख्य स्पर्धेच्या वर्षातून लेबलावरचं वय वजा करा: २०१८ वजा १६ म्हणजे २००२. म्हणजे १ जानेवारी २००२ ला किंवा नंतर जन्मलेली मुलं. २०१७ च्या सॅफ स्पर्धेचं लेबल पंधरा, तिथेही उत्तर २००२. आणि खरंच, बिबियानो फर्नांडिस या गोव्याच्या प्रशिक्षकाने नेपाळमध्ये सॅफ जिंकून दिलेली तुकडीच पुढच्या वर्षी आशियाई स्पर्धेत उतरली. लेबलं दोन, तुकडी एक. तसंच २०१६ ची सोळा वर्षांखालील आशियाई स्पर्धा आणि २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक, दोन्हीकडे जन्मवर्ष २०००. वजाबाकी पात्रता फेरीच्या वर्षातून करू नका. ती बहुतेक वेळा आदल्या वर्षी होते आणि उत्तर एकाने चुकतं. सॅफच्या बाबतीत त्या वर्षाच्या नियमावलीतली तारीख एकदा पाहून घ्या, तिथे सूत्र डोळे मिटून लावू नये.

आता हीच वही समोर ठेवून पानं उघडली की काय दिसतं ते पाहू.

२००० ची तुकडी यजमान म्हणून विश्वचषकात थेट गेली. त्याआधी सप्टेंबर २०१६ मध्ये आशियाई स्पर्धा गोव्यात झाली. भारत संयुक्त अरब अमिरातीकडून २-३ हरला, सौदीशी ३-३ बरोबरीत सुटला, इराणकडून ०-३ हरला. गटातच गाशा गुंडाळला, पण आशियातल्या तगड्या संघांना दोन सामन्यांत पाच गोल मारले. मग २०१७ च्या सुरुवातीला प्रशिक्षक बदलले. निकोलाय अ‍ॅडम गेले आणि पोर्तुगालचे लुईस नॉर्टन डी मातोस आले. ऑक्टोबरमध्ये दिल्लीत अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. आरएसएसएसएफच्या तक्त्यात ही ओळ तीन सामने, तीन पराभव, १-९, शून्य गुण अशी दिसते.

या ओळीत काय मावत नाही ते बघा. त्या गटात अमेरिका, घाना आणि कोलंबिया तिघांचेही सहा-सहा गुण झाले. तिघांनी एकमेकांना एकेकदा हरवलं आणि भारताला सगळ्यांनी. म्हणजे पहिला क्रमांक ठरला तो गोलफरकावर आणि भारताविरुद्धचा प्रत्येक गोल त्यात मोजला गेला. शेवटच्या सामन्यात घानाने ८६ आणि ८७ व्या मिनिटाला लागोपाठ दोन गोल का मारले, याचं उत्तर शेजारच्या ओळींत आहे. भारताची एकटी ओळ उचलली की ते हरवतं. म्हणून कुमार स्पर्धेचा गट नेहमी पूर्ण उतरवून घ्या, आपल्या संघापुरता नको.

दुसरं, कोलंबियाचा सामना. कंसातली मिनिटं नीट वाचा: पेन्यालोसा ४९, जिक्सन ८२, पेन्यालोसा ८३. संजीव स्टालिनचा कॉर्नर, जिक्सन सिंगचं हेडर, भारताचा फिफाच्या कुठल्याही विश्वचषकातला पहिला गोल, आणि पुढच्याच मिनिटाला तो पुसला गेला. गोल झाल्यावर पोरं जल्लोषात असताना बचावाची फळी पुढे सरकलेली राहते आणि किक-ऑफनंतरचा पहिला लांब चेंडू मागच्या मोकळ्या जागेत पडतो. कुमार फुटबॉलमध्ये हे इतक्यांदा दिसतं की गोल खाल्ल्याची मिनिटं वेगळ्या रकान्यात ठेवावीत, आपण गोल केल्यापासून पुढच्या पाच मिनिटांत किती खाल्ले ते मोजायला. आरएसएसएसएफवर मिनिटं आहेत म्हणून हे मोजता येतं. नुसता अंतिम स्कोअर देणाऱ्या यादीतून येत नाही.

२००२ ची तुकडी, क्वालालंपूर नव्हे तर मलेशिया असंच शोधा, साल २०१८. गटाचा तक्ता असा: इंडोनेशिया पाच गुण, गोल ३-१. भारत पाच गुण, गोल १-०. इराण चार गुण, गोल ५-२. व्हिएतनाम एक गुण, गोल १-७. पाच गोल करणारा इराण घरी गेला, एक गोल करणारा भारत पुढे. तो एक गोलही विक्रम प्रताप सिंगची पेनल्टी. इराणशी ०-०, इंडोनेशियाशी ०-०, मग उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण कोरियाकडून ०-१. चार सामन्यांत एक गोल केला, एक खाल्ला. २००२ सालच्या अमिरातीतल्या स्पर्धेनंतर भारत पहिल्यांदाच या टप्प्यावर पोचला होता. गोलरक्षक नीरज कुमार आणि बचाव यांच्या जोरावर पोचला, हे आकडेच सांगतात. पण आशियातून तेव्हा विश्वचषकाच्या जागा चारच होत्या, त्यासाठी उपांत्य फेरी गाठावी लागे.

ही गोष्ट आज मुद्दाम नोंदवायला हवी, कारण आता मोजपट्टीच बदलली आहे. २०२५ पासून सतरा वर्षांखालील विश्वचषकात २४ ऐवजी ४८ संघ खेळतात आणि तो दरवर्षी होतो. आशियाई स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरी गाठणाऱ्या आठही संघांना तिकीट मिळतं. २०१८ चा तो संघ आजच्या नियमात विश्वचषकाला गेला असता. वहीत पात्रतेच्या जागा किती, असा रकाना नसेल तर उद्याचा एखादा संघ तेवढंच करून ऐतिहासिक ठरेल आणि २०१८ चा संघ हरलेल्यांच्या यादीत राहील.

याच्या उलटं उदाहरण २०२४ चं. ऑक्टोबरमध्ये थायलंडला पात्रता फेरी. ब्रुनेईला १३-०, तुर्कमेनिस्तानला ७-०, आणि थायलंडकडून २-३ हार. एकूण गोल २२-३. गटात दुसरा क्रमांक, सर्वोत्तम पाच उपविजेत्यांत नाव नाही, स्पर्धा हुकली. बावीस गोल मारून बाहेर, आणि सहा वर्षांपूर्वी एका गोलवर उपांत्यपूर्व फेरी. गोलांची सरासरी काढून संघांची तुलना करणाऱ्या तक्त्यांकडे आम्ही संशयाने पाहतो, ते याचसाठी. पात्रता फेरी आणि मुख्य स्पर्धा एकाच बेरजेत घालू नका. ब्रुनेईविरुद्धचे तेरा गोल पूर्ण दशकाचा आलेख वर उचलतात.

२००४ च्या तुकडीचं काय, हा प्रश्न आरएसएसएसएफवर विचारला तर जवळपास रिकामं पान मिळतं. या मुलांनी २०१९ ला कल्याणीत सॅफच्या अंतिम सामन्यात नेपाळला ७-० हरवलं. त्याच वर्षी ताश्कंदमध्ये तुर्कमेनिस्तान आणि बहरीनला प्रत्येकी ५-० आणि यजमान उझबेकिस्तानशी १-१, गटात पहिला क्रमांक. मग कोविड आला. बहरीनमधली २०२० ची आशियाई स्पर्धा रद्द, २०२१ चा विश्वचषकही रद्द. मुख्य स्पर्धेच्या यादीत त्या साली ‘रद्द’ एवढाच शब्द आहे. पात्रता फेरीचं पान स्वतंत्र उघडल्याशिवाय ही तुकडी होती हेच कळत नाही. या दशकातला सर्वांत चांगला संघ कोणता यावर वाद घालणाऱ्यांनी ते पान उघडावं, एवढीच शिफारस.

मग २०२३, थायलंड. व्हिएतनामशी १-१, उझबेकिस्तानकडून ०-१, आणि जपानशी तो ४-८. आठ गोल खाणं वाईटच, पण जपानने ती स्पर्धा जिंकली आणि त्यांच्या जाळ्यात चार वेळा चेंडू गेला, हेही त्याच ओळीत आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अहमदाबादला पात्रतेच्या शेवटच्या सामन्यात भारताने इराणला २-१ हरवून सौदीतल्या २०२६ च्या स्पर्धेत जागा मिळवली. प्रशिक्षक पुन्हा बिबियानो फर्नांडिस.

सॅफकडे वळताना एक हिशेबी खाचखळगा. भारताने ही कुमार स्पर्धा २०१३, २०१७, २०१९, २०२२, २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सात वेळा जिंकली. यातला २०२५ चा कोलंबोतला अंतिम सामना बांगलादेशशी २-२ असा सुटला आणि पेनल्टी शूटआउटमध्ये भारत ४-१ ने जिंकला. चषक भारताचा, पण सामन्याच्या नोंदीत ती बरोबरी. आरएसएसएसएफ शूटआउटचा आकडा वेगळ्या कंसात देतं. काही स्कोअर ॲप तो विजयात धरतात, काही धरत नाहीत. दोन ठिकाणचे आकडे उचलून बेरीज केली की एक विजय जास्त आणि एक बरोबरी कमी, अशी चूक निघते आणि ती शोधताना रात्र जाते. एकच नियम धरा: शूटआउट म्हणजे बरोबरी, चषकाचा रकाना वेगळा. सतरा वर्षांखालील विश्वचषकात तर अलीकडे बाद फेरीत जादा वेळच नसतो, नव्वद मिनिटांनंतर थेट पेनल्टी. त्यामुळे २०१७ किंवा त्यानंतरच्या पानावर ‘एईटी’ दिसलं तर टंकनदोष समजा.

मैत्रीपूर्ण सामने इथे शोधू नका. कुमार संघांचे सराव सामने कोणी नीट साठवत नाही, आणि का साठवू नयेत याचा नमुना मे २०१७ मध्ये मिळाला. भारताच्या सतरा वर्षांखालील संघाने इटलीला २-० ने हरवल्याची बातमी देशभर झळकली. मग इटलीच्या महासंघाने सांगितलं की त्यांचा राष्ट्रीय संघ खेळलाच नाही. समोर खालच्या श्रेणीतल्या क्लबांमधून निवडलेली मुलं होती. सामना झाला, स्कोअर खरा, प्रतिस्पर्ध्याचं नाव चुकीचं. आजही काही याद्यांत तो विजय इटलीवर म्हणून टिकून आहे. परदेश दौऱ्यावरचा सराव सामना नोंदवताना समोरच्या देशाच्या महासंघाची नोंद मिळाली तरच देशाचं नाव लिहा, नाहीतर निवड संघ असं लिहून सोडा.

निमंत्रितांच्या स्पर्धा या दोन्हींच्या मधल्या. ऑगस्ट २०१८ मध्ये स्पेनमधल्या कोटिफ चषकात भारताच्या वीस वर्षांखालील संघाने अर्जेंटिनाला २-१ हरवलं, दीपक टांगरी आणि अन्वर अलीचे गोल. कोल्हापूरच्या अनिकेत जाधवला उत्तरार्धात लाल कार्ड मिळालं आणि उरलेला सामना भारत दहा जणांनिशी खेळला. समोर प्रशिक्षक होते लिओनेल स्कालोनी, चार वर्षांनी सिनिअर विश्वचषक जिंकणारे. हा निकाल पक्का आहे, पण त्याच स्पर्धेत भारत मुर्सिया आणि मॉरिटानियाकडून हरला होता, हे सांगायचं राहून जातं. शिवाय हा वीस वर्षांखालील संघ. तोही २००० च्याच तुकडीचा बराचसा भाग असला तरी सतराच्या तक्त्यात त्याला जागा नाही. याच गोंधळाचं जुनं रूप म्हणजे १९७४. बँकॉकच्या आशियाई युवा स्पर्धेत भारत आणि इराण अंतिम सामन्यात २-२ बरोबरीत सुटले आणि संयुक्त विजेते ठरले, कर्णधार शब्बीर अली. ते वरच्या वयोगटाचं विजेतेपद आहे. सोळा-सतराच्या गटाची आशियाई स्पर्धा सुरूच झाली १९८५ ला. ‘भारताचा कुमार संघ एकेकाळी आशियाई विजेता होता’ असं वाक्य आलं की कुठला कुमार, हे विचारा.

नावांचा त्रास सगळीकडेच आहे, इथेही. २०१७ च्या २१ जणांत आठ मणिपूरचे होते, आणि मणिपुरी नावात घराण्याचं नाव आधी लिहायचं की नंतर, याचा एकच शिरस्ता नाही. कियाम अमरजित सिंग आणि अमरजित सिंग कियाम हा एकच कर्णधार. वांगजाम सुरेश, सुरेश सिंग वांगजाम, नुसता सुरेश, एकच. मिझोरमचा लालेंगमाविया पुढे अपुइया नावाने ओळखला जाऊ लागला आणि जुन्या पानांवर तो नव्या नावाने सापडत नाही. खेळाडूचा माग काढायचा असेल तर नावावर जाऊ नका, जन्मतारीख आणि जर्सी क्रमांक धरा, आणि ते दोन्ही फिफाच्या सामना अहवालात मिळतात. तिथेच सुरुवातीचे अकरा, बदली, कार्डं आणि पंच असतात. आरएसएसएसएफवर कुमार गटासाठी एवढा तपशील सगळीकडे अपेक्षू नका.

ठिकाणांची नावं शोधतानाही हेच. २०१७ च्या विश्वचषकातले गोव्यातले सामने गोवा, मडगाव आणि फातोर्डा या तीनही नावांनी नोंदलेले सापडतात, पानात शोधताना तिन्ही टाकून बघा. इराणने जर्मनीला ४-० लोळवलं तो सामना हवा असेल तर तो इथला, १० ऑक्टोबर. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर स्पेनने मालीला ३-१ हरवलं तो उपांत्य सामना २५ तारखेचा. दुसरा उपांत्य सामना, ब्राझील १-३ इंग्लंड, जुन्या वेळापत्रकांत गुवाहाटीला दिसेल. पावसाने तिथलं मैदान खराब झालं आणि तो ऐनवेळी कोलकात्याला हलवला. स्पर्धेआधी छापलेल्या याद्यांवरून ठिकाणं भरणाऱ्यांचा हमखास इथे पाय घसरतो.

मुलींच्या संघासाठी हीच पद्धत चालते, साहित्य मात्र कमी आहे. २०२२ चा विश्वचषक भारतात झाला, यजमान म्हणून थेट प्रवेश, भुवनेश्वरला अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५. अंतिम सामना पुन्हा डी. वाय. पाटीलवर, स्पेन १-० कोलंबिया. ऑक्टोबर २०२५ मध्ये उझबेकिस्तानला २-१ हरवून मुली पात्रता फेरीतून आशियाई स्पर्धेत गेल्या. यजमानपद आणि पात्रता हे वेगळे रकाने हवेत, हे इथे मुलांच्या तक्त्याहूनही ठळक दिसतं.

वेळ कमी असेल तर क्रम असा धरा: आशियाई स्पर्धेचं २०१८ चं पान, मग २०२० ची पात्रता फेरी, मग २०१७ विश्वचषकाचा अ गट, पूर्ण चार संघांसह. तीन पानं, साधारण पाऊण तास, आणि वहीत नऊ रकाने: स्पर्धा, जन्मवर्ष, टप्पा, केलेले गोल, खाल्लेले गोल, शूटआउट, पुढे जायच्या जागा किती, यजमान की पात्र, आणि नोंद कुठून घेतली. शेवटचा रकाना पेनाने भरा, पेन्सिलीने नको. बाकी आकडे पुन्हा शोधता येतात, ते कुठून घेतले होते ते दोन वर्षांनी आठवत नाही.